हॉलंडचे बटाटे

माझ्या आजीला हॉलंड हा देश बटाट्यांमुळे ठाऊक होता. नकाशात तो कुठे असतो हे तिला कधी कळलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. पोर्तुगीज गोव्यातल्या पेडण्याच्या बाजारात १९५५-५६ च्या सुमाराला जे बटाटे मिळत ते मुरगावला बोटीतून उतरलेले, हॉलंडचे असत. मोठे, पिवळट, सगळे एका मापाचे. "दिसाक बरे, पण चव नाय," हा तिचा निकाल. चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानातून आलेला, कुणी घर बांधायला काढलं तर सिमेंट जपानचं. बांद्याहून येणारी बैलगाडी बंद झाली आणि आमच्या मातीच्या चुलीवर अर्धं जग शिजायला लागलं.

आजीचं माहेर बांदा, हद्दीपलीकडं भारतात, सासर पेडणे. मधे पत्रादेवीची हद्द. ती लग्न होऊन आली तेव्हा हद्द म्हणजे एक आडवा बांबू आणि त्याच्याजवळ पेंगणारा शिपाई, एवढंच. गणपतीला माहेरचे नारळ डोक्यावरून यायचे, पायवाटेनं. १९५४ पासून परवाने लागू झाले. मग १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पत्रादेवीलाच माणसं पडली. त्यानंतर भारत सरकारनं हद्द बंद केली, आगगाडी थांबली, पणजीतली वकिलात उठली. गोव्याच्या नाड्या आवळल्या की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाटाघाटीला येईल असा हिशेब होता.

१९५७ च्या पावसाळ्यात आजीचे वडील गेले. निरोप पोचला तोवर बारावं होऊन गेलं होतं. "बापाशीचा तोंड बघूक गावला नाय," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की त्याची लय मला पाठ आहे. गंमत म्हणा की काय म्हणा, दोष ती ना सालाझारला द्यायची, ना नेहरूंना. "सरकारान वाट बंद केली," इतकंच. कुठल्या सरकारानं, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि लहानपणी मला विचारायचं सुचलं नाही.

हल्ली टीव्हीवर 'निर्बंध' हा शब्द आला की मला ते पिवळट बटाटे दिसतात. त्या नाकेबंदीचं पुढं काय झालं ते गोव्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा. मालाला दुसरी वाट सापडली. लोहखनिज जपानला जायला लागलं होतं, त्या पैशानं खाणवाले गब्बर झाले. जकात कमी, त्यामुळे घड्याळं नि सोनं गोव्यातून रातोरात घाट चढू लागलं. सालाझार हलला नाही. हललं काय, तर बांदा-पेडण्यातली लग्नं, बारशी, मयतं. शेवटी सहा वर्षांनी फौजच पाठवावी लागली.

आता रशियाचं बघा. युक्रेनयुद्धाआधी आपण बाहेरून आणतो त्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा शंभरात दोनच्या आसपास होता. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध लादले, डिसेंबर २०२२ मध्ये पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली, आणि दोन वर्षांत आपल्याकडे तो वाटा तिसऱ्या हिश्शावर गेला. तेच तेल आपल्या रिफायनऱ्यांत डिझेल होऊन युरोपात परत जायला लागलं. युरोपवाले आपल्याला नीतीचे धडे देत त्याच डिझेलवर गाड्या चालवत होते. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आधीच्या पंचवीस टक्के आयातशुल्कावर आणखी पंचवीस टक्के चढवले, रशियाचं तेल घेता म्हणून. म्हापशाच्या चहाच्या हॉटेलात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

दिल्लीची अधिकृत भूमिका अशी, की संयुक्त राष्ट्रांनी लादलेले निर्बंध तेवढे आम्ही मानतो, एखाद्या देशानं परस्पर लादलेले नाही. भूमिका म्हणून ठीक आहे, मला पटतेही. पण मी पेडण्याचा. आपल्याच देशानं कुणालाही न विचारता घातलेल्या नाकेबंदीचे बटाटे आमच्या घरात शिजलेत. २०१५ साली नेपाळच्या सीमेवर महिनोन् महिने ट्रक अडले तेव्हा दिल्ली म्हणत होती की आम्ही नाही अडवले. तेव्हा काठमांडूतल्या एखाद्या म्हातारीनंही 'सरकारान वाट बंद केली' असंच म्हटलं असेल, नेपाळीत.

माझा धंदा कागदांचा. म्हापशाला, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, एका जिन्याखाली माझं टेबल आहे. पोर्तुगीज काळातली विक्रीखतं, इन्व्हेंतारं म्हणजे वारसांच्या वाटण्यांचे कागद, कोमुनिदादीची म्हणजे गावकीच्या जमिनींची कागदपत्रं मी इंग्रजीत करून देतो, आणि लिस्बनला पाठवायचे लग्नाचे दाखले पोर्तुगीजमध्ये. पस्तीस वर्षं हेच. एका म्हाताऱ्या वकिलांच्या हाताखाली ही भाषा शिकलो. ते म्हणायचे, शब्द बदललास तर जमीन बदलते. त्यामुळे परराष्ट्र धोरणावरचे वाद मी ऐकतो ते जरा वाकड्या कानानं. कोण बरोबर याच्याआधी मला कुणी कुठला शब्द वापरला ते ऐकू येतं.

आमच्या मराठी वर्तमानपत्रांचंच घ्या. २५ फेब्रुवारी २०२२ ला सुरक्षा परिषदेत रशियाविरुद्धच्या ठरावावर भारतानं मत दिलं नाही. २ मार्चला आमसभेतही नाही. तिथं १४१ देश ठरावाच्या बाजूनं, पाच विरोधात, ३५ जणांनी मतच दिलं नाही, त्यांत आपण. दुसऱ्या दिवशी मथळा: 'भारत तटस्थ'. आता तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीत कुणी बुडतंय, कुणी बुडवतंय, आणि हा काठावर. नेहरूंच्या काळचा शब्द होता 'अलिप्त', म्हणजे लेप न लागलेला. हल्ली 'सामरिक स्वायत्तता' असा चिलखत घातलेला शब्द आलाय. तीन शब्द, तीन वेगळ्या वृत्ती, आणि मथळ्याच्या जागेत जो मावेल तो छापला जातो. मला विचाराल तर आपण तटस्थ नव्हतो. काठावरचा माणूस बुडणाऱ्याच्या कपड्यांचा स्वस्तात सौदा करत नाही. आपण सौदा केला, आपल्या सोयीचा केला, आणि गरीब देशानं तो का करू नये याचं उत्तर मला युरोपातल्या कुणीही अजून नीट दिलेलं नाही. पण मग शब्द तरी खरा वापरा.

शब्दावरून देशांची भांडणं कुठवर जातात याचा माझा आवडता दाखला हेगचा आहे. त्यात मराठी आहे म्हणून जास्तच.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मोकळी केली. ही पोर्तुगिजांची दमणजवळची बेटं, पण पाण्यातली नव्हेत, चारी बाजूंनी भारताची जमीन. पोर्तुगालला तिथं फौज पाठवायची होती, भारतानं वाट दिली नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि आठवड्याभरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्यांचं म्हणणं, ही गावं आम्हाला पेशव्यांनी १७७९ च्या तहानं दिली, आम्ही तिथले धनी आहोत, आम्हाला वाटेचा हक्क आहे.

तर हेगमध्ये, डच पावसात, डोक्यावर विग नसलेले पण झगे घातलेले न्यायाधीश बसलेत आणि पुढ्यात पुणे दरबाराचा तह आहे. इंग्रजांशी लढाई चालू असताना पोर्तुगिजांशी मैत्री राहावी म्हणून केलेला. त्याचं कलम १७. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं. मागून १७८३ आणि १७८५ च्या सनदा. प्रश्न एकच: पेशव्यांनी दिलं काय? गावं दिली, की गावांचा वसूल दिला? भारताचं म्हणणं, हा सरंजाम आहे. सरंजाम म्हणजे उत्पन्न खायला दिलेलं, मालकी धन्याचीच. आपल्या बाजूनं अॅटर्नी जनरल सेटलवाड उभे होते आणि भारताचे तात्पुरते न्यायाधीश म्हणून एम. सी. छगला त्या पीठावर बसले होते.

आज आपण सरंजाम म्हणतो तो लग्नातल्या भांड्याकुंड्यांना. शाळेतली मुलं सरंजामशाही पाठ करतात नि विसरतात. पण १२ एप्रिल १९६० च्या निकालात तो शब्द आहे, जहागिरीच्या शेजारी, आणि न्यायालयानं तो आपल्यासारखाच वाचला: मराठ्यांनी दिलं ते उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे. मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत ताठ बसलो होतो. आमच्या जिन्याखालच्या धंद्याला जगाच्या कोर्टात मान मिळाल्यासारखं वाटलं.

पण निकाल तिथं थांबत नाही, आणि आपले लोक सहसा तिथंच वाचायचं थांबवतात. न्यायालय पुढं म्हणालं, की मराठे गेले, इंग्रज आले, आणि इंग्रजांनी या गावांवर पोर्तुगिजांची सत्ता चालते हे वागण्यातून मान्य केलं. स्वतंत्र भारतानंही तसंच चालू दिलं. म्हणून खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क आहे. फौजेला, हत्यारी पोलिसांना, दारूगोळ्याला नाही. आणि भारतानं वाट अडवली त्यात त्याचं काही चुकलं नाही. दोन्ही देशांनी आपापल्या राजधानीत विजय साजरा केला. तसा तो दोघांनाही मिळाला होता, थोडा थोडा.

यातून मी एक धडा घेतलाय, तो वादात वारंवार उपयोगी पडतो. जुना कागद फार भरवशाचा नसतो. तो आपल्या बाजूनं बोलतो तोवर गोड. दोनशे वर्षांपूर्वी हे आमचं होतं, असं म्हणायला लागलात की समोरचा चारशे वर्षांपूर्वीचा कागद काढतो.

आता १९६१. १८ डिसेंबरला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, १९ ला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली. सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढायचा होता. त्यांनी तो पाळला नाही, याबद्दल पणजीनं त्यांचे आभारच मानायला हवेत. त्याच १८ तारखेला न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांचा ठराव: युद्ध थांबवा, भारतानं माघारी जावं. बाजूनं सात, विरोधात चार. विरोधातले सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. सोव्हिएत नकाराधिकारानं ठराव पडला. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांचा सूर असा होता की संयुक्त राष्ट्रांच्या अंताची ही सुरुवात ठरू शकते. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद होता आणि अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता, हे त्यांच्या भाषणात अर्थातच नव्हतं.

म्हणजे मॉस्कोचा तो हात आपल्यासाठी वर झाला होता. २०२२ मध्ये आपला हात वर का होत नाही असं विचारणाऱ्यांना हे आठवत नाही, आणि आपल्याकडच्यांना एवढंच आठवतं. उपकाराची परतफेड म्हणून परराष्ट्र धोरण चालत असतं तर ते आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीसारखं झालं असतं.

मोरजीला माझ्या मावसभावाच्या चार खोल्या आहेत, समुद्रापासून थोड्या आत. तिथं नोव्हेंबर ते मार्च रशियन. मोरजीत रशियन पाट्या असणं आम्हाला इतकं सवयीचं झालंय की देवनागरी पाटी वेगळी दिसते. मार्च २०२२ मध्ये रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्डं चालेनाशी झाली, चार्टर विमानं थांबली, तेव्हा वहिनीनं तिघांना महिनाभर उधारीवर जेवायला घातलं. "निर्बंध पुतीनवर, आणि डाळ माझी," असं ती म्हणाली. पुढं त्यांनी पैसे पाठवले. कसे ते मी विचारलं नाही.

त्याच साली, थंडीत, एक तिशीचा मुलगा राहायला आला. सप्टेंबरात रशियानं सक्तीची भरती काढली तेव्हा निघालेला. गप्प असायचा. एका रविवारी मी गेलो होतो, सोप्यावर बसलो होतो, वहिनी किसमूर करायला सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होती. मी काय करतो हे मोडक्या इंग्रजीत त्यानं विचारलं. मी पोर्तुगीज कागदांचं सांगितलं. मग पोर्तुगीज कसे, कधी गेले, वगैरे. मी सांगितलं, फौज आली, छत्तीस तासांत संपलं. तो बराच वेळ सुंगटांकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला विचारलं होतं?"

त्यात खोच नव्हती. त्याच सप्टेंबरात त्याच्या देशानं युक्रेनच्या चार प्रांतांत बंदुकीच्या धाकात 'जनमत' घेऊन ते आपल्यात जोडले होते. विचारणं म्हणजे काय हे त्याला माझ्याहून ताजं ठाऊक होतं.

मी तेव्हा काहीतरी बोललो. खरं उत्तर घरी परतताना, शिवोली ओलांडून आल्यावर सुचलं, आणि त्यावर मी अजून काम करतोय.

नाही, विचारलं नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी किंवा लगेच नंतर भारतात यायचं का, असा कुणी कागद आमच्यापुढं ठेवला नाही. ९ डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक झाली, मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पोर्तुगाल परत आणा म्हणणारा पक्ष त्या निवडणुकीत नव्हता, हेही एक उत्तर आहे, पण अर्धं. पुरं विचारलं ते १६ जानेवारी १९६७ ला, आणि तेही वेगळंच: महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं? जनमत कौल. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१.

माझ्या बाबांनी फुलावर शिक्का मारला होता. मराठी शाळेचे मास्तर, दुसरं काय करणार. हरल्यावर आठ दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत, असं आई सांगायची. मी तेव्हा तीन वर्षांचा. पण नंतर आयुष्यभर ते एक गोष्ट म्हणत आले: "विचारलं, मोजलं, आणि मानलं." महाराष्ट्र विधानसभेत ठराव होत होते, गोव्यात मगोचं सरकार आलं होतं, दिल्लीला मनात आणलं असतं तर विलीनीकरण करून टाकता आलं असतं. केलं नाही. बाबा फूलवाले, तरी त्यांना त्याचं कौतुक होतं. आज माझी मुलगी कोंकणी-मराठी दोन्ही बोलते आणि तिला तो वाद समजावून सांगताना माझीच दमछाक होते.

म्हणून गोवा आणि युक्रेन सारखेच, असं कुणी म्हटलं तर मी भांडतो. आणि गोव्याची गोष्टच वेगळी, असं म्हणून कुणी हात झटकले तरी भांडतो. वेगळी आहे, पण का, ते नीट सांगायला हवं. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं लागोपाठ दोन ठराव केले. १५१४ वा: वसाहतवाद संपला पाहिजे. १५४२ वा: पोर्तुगाल ज्यांना आपले 'सागरापारचे प्रांत' म्हणतो ते प्रांत नव्हेत, स्वराज्य नसलेले मुलूख आहेत, आणि यादीत अंगोला, मोझांबिक यांच्यासोबत गोवा. सालाझारनं १९५१ मध्ये घटनेतला शब्द बदलून वसाहतीचा प्रांत केला होता. आमसभेनं तो शब्द खोडला. युक्रेन कुणाच्या अशा यादीत नव्हता. त्याच्या सीमा रशियानं स्वतः सही करून मानल्या होत्या, १९९४ ला बुडापेस्टमध्ये.

ही आपली भक्कम बाजू. पण आपल्या व्हॉट्सअॅप गटांत ही कुणी मांडत नाही. तिथं मांडली जाते ती दुसरी: गोवा हजारो वर्षं आपलाच होता, कदंबांचा होता, म्हणून घेतला. खरं आहे, कदंबांचा होता. पण पुतीननं जुलै २०२१ मध्ये लांबलचक निबंध लिहिला तो याच चालीवर: रशियन आणि युक्रेनी मुळात एक, कीव्ह आपलंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये, युद्धाला तीन दिवस असताना, केनियाचे राजदूत मार्टिन किमानी सुरक्षा परिषदेत बोलले. आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, त्या लंडन, पॅरिस, लिस्बनला आखल्या गेल्या. सीमेपलीकडे आमचीच भावंडं आहेत. पण जुन्या साम्राज्यांच्या आठवणी उकरत बसलो असतो तर आजही रक्त सांडत असतो, म्हणून त्या सीमा आम्ही पत्करल्या. लिस्बन हा शब्द आला तेव्हा मी फोनवरचा आवाज वाढवला. गेल्या काही वर्षांत परराष्ट्र धोरणावर ऐकलेलं सर्वांत शहाणं बोलणं मला ते वाटतं, आणि ते दिल्लीहून आलं नाही याची थोडी खंतही.

मधे एक गंमत सांगतो. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक गोव्यातच, बाणावलीला झाली. चीनचे आले, रशियाचे लावरोव्ह आले, आणि पाकिस्तानचे बिलावल भुट्टो. बारा वर्षांनी पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री भारतात. जयशंकर यांनी दुरून नमस्कार केला, हात मिळवला नाही. दोन दिवस वाहिन्यांवर त्या नमस्काराचं पोस्टमॉर्टेम. सभ्यता होती की अपमान होता? मराठी माणसाला यात कोडं काय वाटावं. आपल्याकडं 'कोपरापासून नमस्कार' म्हणून एक प्रकार आहे आणि प्रत्येक घरात एक तरी नातेवाईक त्याचा मानकरी असतो.

माझ्या टेबलाशी येणाऱ्यांना मात्र लावरोव्ह-भुट्टोंशी काही देणंघेणं नसतं. त्यांचं परराष्ट्र धोरण एका कागदाचं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जो गोव्यात जन्मला तो पोर्तुगालच्या कायद्यानं पोर्तुगीज. त्याची मुलं, नातवंडंही तो हक्क सांगू शकतात. म्हणून आजोबांचा तेओर दाखला काढायचा, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. मग लिस्बनला जन्म नोंदवायचा. नावात एक अक्षर इकडचं तिकडं असेल तर वर्ष जातं. शाणू, श्याणू, शानू. पोर्तुगीज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला तेव्हापासून या कागदाला किंमत आली; दक्षिण गोव्यातला अर्धा साष्टी तालुका इंग्लंडात स्विंडनला जाऊन बसला, आता हिंदू वाड्यांवरूनही पोरं येतात. नवा पासपोर्ट हाती आला की भारताचं नागरिकत्व जातं, कारण दोन नागरिकत्वं आपला कायदा मानत नाही. मग ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते. कुणी देशद्रोह म्हणतं, कुणी पोटाचा प्रश्न म्हणतं. मी दर पानी पैसे घेतो आणि मत देत नाही. तटस्थ.

यातला कायद्याचा गुंता मात्र देखणा आहे. सालाझारनं उभारलेली राजवट एप्रिल १९७४ मध्ये कोसळली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तह झाला. पोर्तुगालकडून मारिओ सोआरेस, भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. कऱ्हाडच्या माणसानं सही केली, हे बाबा अभिमानानं सांगायचे. तहात पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेलीवर भारताचं सार्वभौमत्व मानलं, कधीपासून? तर ते ते प्रदेश भारताच्या घटनेनुसार भारताचे भाग झाले त्या त्या तारखेपासून. म्हणजे मागची तारीख. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत असा मागच्या तारखेचा शिक्का मारला तर कारकुनाची नोकरी जाते, देशांना चालतं. एकीकडे पोर्तुगाल म्हणतो, १९६१ पासून तुम्ही भारताचे, आणि दुसरीकडे म्हणतो, त्याआधी जन्मलेले आमचेच. दोन्ही खरं. अंतोनियु कोस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना जानेवारी २०१७ मध्ये भारतात आले, तेव्हा मोदींनी त्यांना ओसीआय कार्ड दिलं, त्यांचं घराणं मडगावचं म्हणून. आज ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. आमच्या जिन्याखाली ज्या कागदाच्या रांगा लागतात, तोच कागद उलट्या दिशेनं.

गेल्या महिन्यात माझी मुलगी पुण्याहून आली. नोकरी चांगली आहे, पण तिच्या ऑफिसातला एकजण आयर्लंडला गेलाय. जेवताना तिनं सहज विचारलं, "बाबा, आजोबांचा दाखला आहे ना आपल्याकडं?" मी हो म्हटलं. तिची आई ताटात बघत राहिली. "काढायचाच आहे असं नाही," मुलगी म्हणाली, "नुसता वाचून दाखव. मराठीत."

तो दाखला माझ्या खणात चौदा वर्षं आहे, बाबा गेल्यापासून. १९५६ ची नक्कल, हद्दीच्या परवान्यासाठी काढलेली. परवाना मिळाला नव्हता. पिवळा पडलेला, कोपऱ्यात तिकिटं चिकटवलेली, शिक्का अर्धा पुसलेला. रात्री चष्मा लावून बसलो. नाव, वडिलांचं नाव, जात, धंदा, जन्माची वेळ पहाटे चारची, दोन साक्षीदार, त्यातल्या एकाला सही येत नव्हती. हे सगळं सरळ आहे, हजारदा केलंय. वर डोक्यावर छापलेलं 'इश्तादु द इंदिया'. पोर्तुगीज आपल्या या मुलखाला हेच म्हणायचे. इंग्रजीत करताना मी ते कधी बदलत नाही, तसंच ठेवतो आणि अवतरणचिन्हं घालतो, नाहीतर कोर्टातला कारकून बुचकळ्यात पडतो: १९३२ मध्ये पेडणे भारतात कसं?

मुलगी शेजारी बसली होती, कागदावर वाकून. मी वहीत लिहीत गेलो, ती वाचत गेली. त्या ओळीशी आलो, थोडा थांबलो, अवतरणचिन्हं काढून टाकली आणि लिहिलं: जन्मस्थळ पेडणे, भारत राज्य.